हॉट रॉडला स्टेअरिंग डॅम्पर बसवताना

ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांवर चाललेली गाडी काँक्रीटच्या एका जोडावरून जाते आणि स्टेअरिंग थरथरू लागतं. बघता बघता थरथरीचे झटके होतात. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी इतक्या जोरात फडफडतात की सीटवर बसल्या बसल्या हेडलाइट हलताना दिसतात. वेग बराच खाली आल्याशिवाय हे थांबत नाही. १९३० च्या दशकातल्या फोर्डवर उभारलेली हॉट रॉड ज्यांच्याकडे आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत त्याला सरळ ‘डेथ वॉबल’ म्हणतात. त्यावर भेटेल त्याचा पहिला सल्ला ठरलेला असतो : एक स्टेअरिंग डॅम्पर टाक, काम होईल.

काम होतं, म्हणजे लक्षण दबतं. ढिला किंगपिन, चुकलेला कास्टर, झिजलेला टाय रॉड एंड जिथल्या तिथे राहतात आणि डॅम्पर त्यांच्यावर पांघरूण घालतो. पुढे कधीतरी डॅम्परमधलं तेल उतरलं की हे सगळं एकदम उघडं पडतं, आणि तेही भर हायवेवर. म्हणून या लेखाचा बराचसा भाग डॅम्पर हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल आहे. डॅम्पर बसवूच नये असं म्हणणारे जुने जाणकार पुष्कळ भेटतील. मी त्यांच्यातला नाही. आखूड व्हीलबेसच्या, पुढून हलक्या आणि रुंद रेडियल टायर घातलेल्या गाडीला तो असावा असंच माझं मत आहे. फक्त त्याच्याशिवाय नीट चालणाऱ्या गाडीलाच तो बसवायचा.

थरकाप येतो कुठून

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३० आणि ४० च्या दशकांत जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवले, इंजिनात भर घातली आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. या शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए ही संघटना १९३७ ची. गाड्या निवडल्या त्या स्वस्त आणि हलक्या म्हणून : मॉडेल टी, मॉडेल ए, आणि सगळ्यांत लाडकी १९३२ ची, पहिल्या फोर्ड व्ही-८ इंजिनाची. तिन्हींचा पुढचा भाग एकाच विचाराचा. एक सलग घडीव आय-बीम अ‍ॅक्सल, त्याच्यावर एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग, टोकांना किंगपिनवर फिरणारी चाकं, आणि अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून विशबोन.

या रचनेत एक खोड मुळातच आहे. एक चाक उंचवट्यावर चढलं की सगळा अ‍ॅक्सल तिरका होतो आणि दुसरं चाकही कलतं. वेगाने फिरणारी जड वस्तू एका बाजूला कलवली की ती काटकोनातल्या दुसऱ्याच दिशेला वळू बघते, जायरोस्कोपचा नियमच तो. त्यामुळे कललेली चाकं वळतात. वळली की टायर आणि कास्टर त्यांना परत खेचतात, ती मध्यावर न थांबता पलीकडे जातात आणि त्या झटक्याने अ‍ॅक्सल पुन्हा हलतो. टाय रॉडने दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे दोघं एकाच तालात नाचतात. १९२० च्या दशकात कमी प्रेशरचे फुगीर बलून टायर आले तेव्हा हा त्रास इतका वाढला की मोटारकंपन्यांचे इंजिनिअर जेरीस आले. जनरल मोटर्सने १९३४ मध्ये पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करणारं सस्पेन्शन आणलं. त्या कामात मॉरिस ऑली या इंजिनिअरचा मोठा वाटा होता, आणि या थरकापातून सुटका हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण होतं. फोर्डने मात्र सलग अ‍ॅक्सल १९४८ च्या मॉडेलपर्यंत सोडला नाही. तुमच्या गॅरेजमधली गाडी त्या हट्टाची वारसदार आहे.

ढिलेपणा नसेल आणि कोन बरोबर असतील तर प्रत्येक झटका आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि दोन-तीन हेलकाव्यांत विरतो. जोडांमध्ये मोकळी जागा असेल तर चाक तेवढ्या जागेत कुणाच्याही ताब्यात नसतं आणि हेलकावा वाढत जातो. डॅम्पर या हेलकाव्यातली ताकद तेलात जिरवतो. आत पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं असतात आणि त्यांतून तेल इकडून तिकडे जातं. दाराला लावलेला क्लोजर जसा सावकाश ढकललं तर फारसा अडवत नाही, पण धाडकन ढकललं की आडवा येतो, तसंच. त्यामुळे वळण घेताना हाताला तो फारसा जाणवत नाही आणि चाकाच्या जलद झटक्याला मात्र विरोध करतो.

आधीची तपासणी

एक जोडीदार लागेल. गाडीचं वजन चाकांवरच राहू द्या. उंची हवी असेल तर चारही चाकं भक्कम ठोकळ्यांवर चढवा, पण पुढून जॅकवर उचलू नका, कारण जोडांवरचा भार गेला की ढिलेपणाही लपतो. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडणी द्या. जोडीदाराला स्टेअरिंग डावी-उजवीकडे तीन-चार इंच भराभर हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली पडा आणि प्रत्येक जोडावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. स्टेअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मपासून सुरुवात करा, मग त्याला चाकाच्या आर्मशी जोडणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टेअरिंग आर्मचे बोल्ट. डोळ्यांना न दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची फट बोटाला लगेच कळते : एक भाग हलतो आणि दुसरा क्षणभर उशिरा निघतो. शेवटी स्टेअरिंग बॉक्स जिथे चॅसीला बोल्ट केलाय तिथे हात ठेवा. घरगुती बांधणीच्या गाड्यांमध्ये बॉक्स पक्का असतो, पण ज्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर तो बसवलाय तो ब्रॅकेटच श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असतो. असा ब्रॅकेट आढळला तर आधी तोच भक्कम करायचा.

मग एकेक बाजू उचलून घोडीवर टेकवा. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग ढिलं आहे, राहिला तर किंगपिनचे बुश गेलेत. बुश नवे घालायचे तर पिनही नवी घाला आणि नव्या बुशना पिनच्या मापाचा रीमर मारूनच बसवा. हातोडीने ठोकून ‘बसेल, बसेल’ म्हणायचं काम हे नव्हे.

स्टेअरिंग बॉक्सच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहते. शेव्हरोले व्हेगाचा छोटा बॉक्स हॉट रॉडमध्ये फार वापरला जातो. त्याच्यासारख्या बॉक्समध्ये दातांची पकड बरोबर मध्यावर सगळ्यांत घट्ट असते आणि दोन्ही बाजूंना ती मुद्दाम थोडी सैल ठेवलेली असते. चाकं सरळ असताना बॉक्स मध्यावर नसेल तर तुम्ही कायम सैल भागात गाडी चालवता, आणि कितीही अ‍ॅडजस्ट केलं तरी प्ले जात नाही. ड्रॅग लिंक सोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर थांबा, चाकं सरळ करा आणि ड्रॅग लिंकची लांबी त्या मापाला जुळवून जोडा. स्टेअरिंगचं चक्र वाकडं दिसत असेल तर चक्रच काढून सरळ बसवा. बॉक्सला हात लावू नका.

आता कास्टर, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे किती झुकलंय तो कोन. सलग अ‍ॅक्सलच्या हॉट रॉडला ६ ते ८ अंश ठेवतात. किंगपिन ज्या बॉसमध्ये बसते त्याच्या वरच्या सपाट भागावर कोनमापक ठेवला की तो वाचता येतो. गाडी सपाट जमिनीवर, टाकीत पेट्रोल आणि सीटवर तुमच्या वजनाचा माणूस हवा. इथे हॉट रॉडचा झोकच आडवा येतो. मागे मोठे टायर घालून गाडी पुढे झुकवली की चॅसीबरोबर कास्टरही कमी होतो. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच. मागचा भाग दोन इंच उचलला तर चॅसी साधारण एक अंश पुढे कलते, आणि तेवढा एक अंश कास्टर गेला. शेडमध्ये सहा अंशांवर लावलेली गाडी नवे मागचे टायर घालून आली की पाच अंशांवर येते, आणि मालक म्हणतो, परवापर्यंत तर ठीक होती. कास्टर उगाच वाढवूनही चालत नाही. तो जास्त झाला की स्टेअरिंग जड होतं आणि थरकापाला उलट बळ मिळतं.

टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूने एकमेकांकडे जितकी वळलेली असतात ते माप, दीड ते तीन मिलिमीटर पुरे. टायरचं प्रेशर दोन्ही बाजूंना सारखं हवं. आजच्या सेडानमध्ये भरतो ते ३२-३५ पीएसआय इतक्या हलक्या पुढच्या भागाला जास्त होतं, टायर उडत चालतो. टायरवर छापलेल्या मर्यादा पाळून २४ ते २८ च्या दरम्यान आपल्या गाडीला काय मानवतं ते पाहा. चाकं बॅलन्स करून घ्या, आणि टायर मुळात गोल आहे ना तेही बघा. जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय टायर हिवाळाभर एका जागी उभे राहिले की एका बाजूने चपटे होतात.

उरला पॅनहार्ड रॉड, म्हणजे चॅसी आणि अ‍ॅक्सल यांना एकमेकांवर डावं-उजवं सरकू न देणारा आडवा दांडा. मूळ १९३२ च्या गाडीत ड्रॅग लिंक पुढे-मागे जाणारी होती. व्हेगा बॉक्स घातला की ती आडवी होते : बॉक्स डावीकडे चॅसीवर, आणि लिंकचं दुसरं टोक उजव्या चाकाच्या आर्मवर. आडवी स्प्रिंग शॅकलवर लटकलेली असल्यामुळे बॉडी अ‍ॅक्सलवर थोडी डावी-उजवी सरकते. बॉडीबरोबर बॉक्स सरकतो, बॉक्सबरोबर लिंक, आणि कुणी चक्राला हात न लावता चाकं वळतात. यावर उपाय पॅनहार्ड रॉडचाच. त्याचं चॅसीकडचं टोक बॉक्सच्या बाजूला, अ‍ॅक्सलकडचं टोक दुसऱ्या बाजूला, आणि तो ड्रॅग लिंकला समांतर, लांबीलाही जमेल तितका तिच्याएवढा. आडवी ड्रॅग लिंक आहे आणि पॅनहार्ड नाही अशी गाडी घेऊन कुणी डॅम्परचं विचारायला आलं, तर त्याला पॅनहार्डच्या दुकानाकडे पाठवावं.

एवढं झाल्यावर गाडी मोकळ्या जागेत चालवा. बहुतेकांचा थरकाप इथेच संपतो. किंचितशी थरथर उरली असेल, किंवा काहीच उरलं नसेल आणि खबरदारी म्हणून हवा असेल, तर आता डॅम्परकडे वळायला हरकत नाही.

कोणता डॅम्पर

जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर आडवा बांधून काम भागवलेलं काही गाड्यांत दिसतं. ते करू नका. साधा शॉक उभा चालण्यासाठी बनवलेला असतो. आडवा केला की आतलं तेल आणि हवा जागा बदलतात आणि पिस्टन मध्येच पोकळीत सापडतो. शिवाय त्याचा दाबतानाचा आणि ओढतानाचा विरोध वेगळा असतो, म्हणजे गाडी एका बाजूला सहज वळेल आणि दुसऱ्या बाजूला अडखळेल. आत दाबाखाली गॅस असेल तर आणखी वाईट : तो रॉड सतत बाहेर ढकलतो आणि स्टेअरिंग कायम एका अंगाला ओढलं जातं.

स्टेअरिंगसाठीच बनवलेला, दोन्हीकडे सारखा विरोध करणारा आणि आडवा चालणारा डॅम्पर घ्या. फोक्सवॅगन बीटलला कारखान्यातूनच असा डॅम्पर येत असे. तो हलका, स्वस्त आणि कुठेही मिळणारा असल्यामुळे हॉट रॉडवाल्यांनी तो केव्हाच आपलासा केला. ट्रकचा जाडजूड डॅम्पर दिसायला भारदस्त असला तरी दीड-दोन हजार पौंडांच्या रोडस्टरवर तो बसवला तर स्टेअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईनासं होतं.

विकत घेतलेला डॅम्पर बसवण्याआधी हातात घेऊन पाहा. उभा धरून पूर्ण आत-बाहेर करा, पाच-सहा वेळा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा लागला पाहिजे. मध्ये कुठे हात मोकळा सुटल्यासारखा वाटला तर तो परत करा. मग रॉड मधोमध आणून टेबलावर आडवा ठेवा आणि थोडा वेळ बघा. रॉड आपणहून बाहेर सरकू लागला तर आत गॅस आहे, तो आपल्या कामाचा नाही.

जागा आणि मापं

डॅम्परचं एक टोक टाय रॉडवर येणार हे ठरलेलं. दुसरं कुठे? चॅसीवर जागा भरपूर असते म्हणून अनेकजण तिथे बांधतात. पण खड्ड्यात अ‍ॅक्सल वर-खाली होतो, चॅसी होत नाही, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला डॅम्परचा कोन बदलणार आणि तो स्टेअरिंगला थोडा धक्का देणार. अ‍ॅक्सल आणि टाय रॉड मात्र बरोबरच वर-खाली होतात. म्हणून दुसरं टोक अ‍ॅक्सलवर. मग डॅम्परला फक्त स्टेअरिंगची हालचाल कळते, बाकी काही नाही.

डॅम्पर टाय रॉडला शक्य तितका समांतर ठेवा. तिरका ठेवला की दुहेरी नुकसान होतं : रॉडची हालचालही कमी आणि जो जोर मिळतो त्यातलाही थोडाच उपयोगी दिशेला. ३० अंश तिरका असेल तर परिणाम पाऊणपट राहतो, ४५ अंशांवर निम्मा. शिवाय तिरक्या ओढीने टाय रॉड स्वतःच्या अक्षाभोवती थोडा फिरतो, आणि तो फिरत असतो तेवढा वेळ डॅम्पर कामाचा नसतो. थरकापाची सुरुवात नेमकी अशा बारीक हालचालीतून होते.

मापं घेताना आधी चाकांचे स्टॉप नक्की करा. चाक कुठे थांबायचं ते स्पिंडल आणि अ‍ॅक्सल यांच्यातल्या स्टॉपने ठरलं पाहिजे, डॅम्परने कधीही नाही. डॅम्पर स्टॉपचं काम करू लागला की एखाद्या दिवशी पार्किंग करताना त्याचा रॉड वाकेल किंवा ब्रॅकेट तुटून स्टेअरिंग अडकेल. चाकं पूर्ण डावीकडे वळवा, टाय रॉडवर चिकटपट्टीची खूण करा, जमिनीवर ओळंबा सोडून खडूने बिंदू मारा. मग पूर्ण उजवीकडे. दोन बिंदूंमधलं अंतर ही टाय रॉडची एकूण चाल.

समजा स्टेअरिंग आर्म १४० मिलिमीटरचा आहे आणि चाक दोन्हीकडे ३० अंश वळतं. मग टाय रॉडची चाल साधारण १४० मिलिमीटर भरेल. डॅम्पर पूर्ण मिटलेला असताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंत २५० आणि पूर्ण उघडलेला ४१० असेल तर त्याची चाल १६०. मधली लांबी ३३०. चाकं सरळ असताना डॅम्पर बरोबर ३३० वर बसवला तर एका टोकाला तो २६० वर थांबेल, दुसऱ्या टोकाला ४०० वर. दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर शिल्लक. याहून कमी शिल्लक ठेवू नका. एकूण चाल टाय रॉडपेक्षा कमी भरणारा डॅम्पर कितीही चांगला असला तरी परत करा. वळण कमी करून त्याला सामावून घेण्याचा मोह काहींना होतो. तशी गाडी गल्लीत फिरवताना जीव नको होतो.

आणखी एक गोष्ट कागदावर लक्षात येत नाही. टाय रॉड सरळ रेषेत सरकत नाही, आर्मच्या टोकाबरोबर कमानीत फिरतो. वरच्याच मापांत तो पूर्ण वळणावर साधारण १९ मिलिमीटर अ‍ॅक्सलच्या जवळ किंवा लांब जातो. म्हणजे डॅम्परचं हलतं टोक तेवढं पुढे-मागे होणार. रबरी बुशला हा तीन-चार अंशांचा कोन सहज झेपतो. पण डॅम्परचं अंग त्या १९ मिलिमीटरमध्ये अ‍ॅक्सलला, विशबोनला किंवा ब्रेकच्या होजला घासतं का, ते दोन्ही टोकांना चाकं वळवून, खाली वाकून बघावंच लागतं.

ब्रॅकेट आणि बांधणी

टाय रॉडला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगही करायचं नाही. अ‍ॅक्सलच्या बाबतीतही तेच. घडीव अ‍ॅक्सलवर एक छोटासा टाका दिला तरी त्याच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं, आणि या दोन वस्तू तुटल्या तर पुढे काय होईल ते सांगायला नको. टाय रॉडवर दोन बोल्टचा क्लॅम्प घ्या, त्याच्या बाहेरच्या व्यासाला तंतोतंत बसणारा. नेहमीच्या हॉट रॉडच्या टाय रॉडचा व्यास ७/८ इंच असतो, पण तुमचा व्हर्नियरने मोजा, कुणाच्या शब्दावर जाऊ नका. क्लॅम्पचा पिन नळीच्या जितका जवळ तितकं बरं. लांब दांडीवर डॅम्पर बांधला की जोर नळी वाकवण्यात जातो. शक्य असेल तर क्लॅम्प नळीच्या टोकाकडे घ्या, मध्यावर नको.

अ‍ॅक्सलच्या बाजूला आय-बीमला दोन्हीकडून धरणारा क्लॅम्प वापरता येतो, किंवा स्प्रिंगच्या पर्च बोल्टच्या नटाखाली प्लेट देता येते. दुसरी पद्धत दिसायला नीटनेटकी. पण प्लेटच्या जाडीमुळे नट खाली येतो आणि कॉटर पिनचं भोक नटाच्या खाचांबाहेर पडतं. मग ‘लॉक वॉशर घातलाय की’ म्हणून पिन वगळणारे आहेत. त्या बोल्टवर स्प्रिंग आणि विशबोन दोन्ही लटकलेले असतात. पिन बसत नसेल तर प्लेट पातळ करा नाहीतर जागा बदला.

चाकं सरळ, वजन जमिनीवर, डॅम्पर मधल्या लांबीवर. या स्थितीत बुशचे बोल्ट आवळा, म्हणजे रबर पिळून बसणार नाही. नट नायलॉक घ्या. टाय रॉडवरच्या क्लॅम्पची कडा आणि नळी या दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. क्लॅम्प एक मिलिमीटर जरी घसरला तरी रेघ तुटलेली दिसते.

चाचणी रिकाम्या पार्किंगमधून सुरू करा. पूर्ण वळण घेऊन हात सैल सोडा, स्टेअरिंग स्वतःहून सरळ आलं पाहिजे. येत नसेल तर डॅम्परचं एक टोक सोडून तेच पुन्हा करा. टोक सोडल्यावर येत असेल तर डॅम्पर कडक आहे किंवा कुठेतरी अडकतोय. तरीही येत नसेल तर कास्टर कमी आहे आणि तुम्ही मागच्या पायरीवर परत जायला हवं. मग मोकळ्या रस्त्यावर २५, ३५, ४५ मैल असे टप्पे घ्या आणि प्रत्येक वेगाला एखाद्या जोडावरून मुद्दाम जा. या जुन्या चक्रांचे आरे बारीक आणि मोकळे असतात, त्यांच्यात अंगठा अडकवून धरू नका. झटका बसला तर अंगठा मोडतो. थरकाप आलाच तर चक्र घट्ट पण न झगडता धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक करकचून लावू नका, गाडी हळूहळू कडेला घ्या. आणि गॅरेजमध्ये परतून मोठा डॅम्पर शोधू नका, पुन्हा बोट घेऊन खाली पडा.

महाराष्ट्रात अशी हॉट रॉड फार क्वचित भेटेल. पण १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतल्यापासून सलग अ‍ॅक्सलच्या जीपा मात्र घाटापासून कोकणापर्यंत पसरल्या, आणि ज्यांनी त्या चालवल्या त्यांना हा थरकाप तोंडपाठ आहे. वर सांगितलेली तपासणी तिथेही तशीच लागू पडते, एका फरकाने. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये टाय रॉड एक सलग नसतो. मध्ये बेलक्रँक आणि तिच्यापासून दोन चाकांना दोन वेगळे रॉड. झीज पहिली त्या बेलक्रँकच्या पिनमध्ये होते, म्हणून बोट आधी तिथे ठेवायचं. गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, त्यामुळे डॅम्पर भोक न पाडता, काढता येईल अशा क्लॅम्पनेच लावावा.

पहिल्या शंभरेक मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा आणि पांढरी रेघ बघा. पुढे दर वर्षी, उत्तर अमेरिकेत बहुतेकांच्या गाड्या वसंतात बाहेर निघतात तेव्हा, डॅम्परचं एक टोक सोडून, ते तारेने बाजूला बांधून, गाडी कमी वेगाने एक चक्कर चालवा. डॅम्परशिवाय थरथर जाणवली तर खालचं काहीतरी झिजलंय. ते दुरुस्त झाल्याशिवाय डॅम्पर परत जोडू नका. रॉडवर तेलाचा ओला पट्टा दिसला तर तो पुसून पुन्हा एकदा आत-बाहेर करून बघा. तेल परत आलं तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. हे डॅम्पर उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात, नवा बसवा.